अठ्ठेचाळीस किलोंचा पेशंट

मानवी संस्कृतीचा सगळा इतिहास हा एका माणसाने दुसऱ्या माणसाला उचलून नेण्याचा इतिहास आहे. हा विचार मला १९८६ सालच्या जानेवारीत, उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका हॉलमध्ये स्ट्रेचरवर उताणा पडलो असताना सुचला, आणि मी तो मोठ्याने बोलूनही दाखवला. ज्या चौघांनी मला उचललं होतं त्यांना तो इतका पटला, की टाळ्या वाजवायला त्यांनी हात सोडले.

मी तिथे का पडलो होतो, हे आधी सांगायला हवं.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होतो. त्या वर्षी कारखान्याला अँब्युलन्स आली. पांढरी, लाल क्रॉसची, नवीकोरी. ती आल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की तिच्यात बसायला शिकलेला माणूस लागतो. हल्ली त्याला पॅरामेडिक म्हणतात आणि त्याचे कोर्स निघालेत. तेव्हा 'अँब्युलन्सवाला' म्हणत, आणि कोर्स म्हणजे बारा शनिवार, हाफ डे सुटल्यावर. आमचे पर्सोनेल ऑफिसर श्रीपादराव यांनी कंत्राटी हमालांतले चौघे निवडले. कारण विचारलं तर म्हणाले, "दोनशे किलोंचे ड्रम उचलतात. माणूस म्हणजे काय, ड्रमच. फक्त आतला माल वेगळा."

मग सरावासाठी पेशंट लागला. श्रीपादरावांनी ऑफिसातल्या सगळ्यांना गोडाऊनच्या वजनकाट्यावर उभं केलं. मी अठ्ठेचाळीस किलो भरलो.

"शशिकांतराव, तुम्हाला काही करायचं नाही," ते म्हणाले. "फक्त पडून राहायचं."

"साहेब, शनिवारी दुपारी मी घरी तेच करतो."

"मग तर अनुभवसुद्धा आहे."

अशा रीतीने मी बारा शनिवारांचा पेशंट झालो. त्या बारा शनिवारांत माझी मांडी सात वेळा मोडली, मला तीनदा साप चावला, मी दोनदा बुडालो आणि एकदा माझ्या अंगावर ॲसिड सांडलं. ऑफिसात मात्र माझी एकही रजा मंजूर झाली नाही.

शिकवायला दिनानाथ हवालदार होते. लष्करी इस्पितळांत सव्वीस वर्षं काढून रिटायर झालेले, कॅम्प चारमध्येच राहणारे. मिशा अशा, की त्यांनाही कुणीतरी रोज सकाळी 'सावधान' सांगत असावं. हॉल पहिल्या मजल्यावर. खाली चेनचं, म्हणजे पँटीला लावायच्या झिपचं वर्कशॉप. दिनानाथ सर रक्तस्रावावर बोलत, खालून शंभर झिपा एकदम ओढल्याचा आवाज येई, आणि मला उगीचच आपण कुठेतरी उसवतोय असं वाटे.

पहिल्याच शनिवारी त्यांनी नियम सांगितला. "स्ट्रेचरवरचा पेशंट पाय पुढे जातो. का? कारण मागच्या माणसाला सतत त्याचं तोंड दिसलं पाहिजे. अँब्युलन्समध्ये चढवताना मात्र डोकं आधी. समजलं? स्ट्रेचर उठा!"

तिघांनी उठवलं. चौथ्याने, माझ्या डोक्याशी होता त्याने, दांडा खाली ठेवला.

"नाय जमाचा, सर."

"काय नाही जमायचं?"

"पाय पुढं. आमचे गावान पाय पुढं माणूस एकदाच जातंय."

"अरे, हा जिवंत आहे!"

त्याने वाकून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुमी म्हणता तर धरून चालतंय."

हा हरिचंद्र. बदलापूरच्या पलीकडे नदीकाठच्या गावातला, वय चाळीस, नऊ वर्षं आमच्याकडे कंत्राटी. बाकीचे तिघे, बाळा, धर्मराज आणि आण्णा, त्याच बाजूचे, तरुण. सगळं गणित हरिचंद्रभोवती होतं. एकतीस मार्चला जुना कंत्राटदार जाणार होता. नव्याला पस्तिशीच्या आतली माणसं हवी होती. म्हणजे तिघे राहणार, हरिचंद्र जाणार. पण परीक्षा पास झाला, तर अँब्युलन्सवर अटेंडंटची एक जागा होती. परमनंट. श्रीपादरावांनी स्वच्छ सांगितलं होतं, "सर्टिफिकेट आण, त्याच दिवशी ऑर्डर घे. नाही आणलंस, तर मी काही करू शकत नाही." मी काही करू शकत नाही हे वाक्य श्रीपादराव रोज वापरत, पण या वेळी ते खरं होतं.

आणि गंमत अशी, की हरिचंद्रासारखा विद्यार्थी दिनानाथ सरांना सव्वीस वर्षांत मिळाला नसेल. नदीवर वाढलेला माणूस. गाठ त्याच्या बोटांतून आपोआप पडे. पट्टी बांधली की वाटे, मी असाच जन्मलो. नाडी बघायला घड्याळ लागत नसे. रक्त कुठे दाबून थांबवायचं, भाजलेल्यावर काय टाकायचं नाही, हे एकदा ऐकलं की पाठ. त्याचा एकच दोष होता. त्याच्या आसपासच्या पाच गावांत कुणीही गेलं, की तिरडी बांधायला यालाच बोलवत, आणि पहिला खांदाही याचाच. बाळा, धर्मराज, आण्णा त्याच्याच हाताखाली तयार झालेले. म्हणजे माणूस उचलून न्यायचा या चौघांचा अनुभव दांडगा होता; फक्त त्यांनी नेलेल्यांपैकी कुणी कधी तक्रार केली नव्हती.

परिणाम काय व्हायचा, ते मी सांगतो, कारण तो माझ्यावर व्हायचा. "स्ट्रेचर उठा!" म्हटलं, की स्ट्रेचर कमरेपर्यंत येऊन थांबायच्या ऐवजी थेट खांद्यावर जाई, आणि मी छतावरच्या पंख्याच्या शेजारी. मग चौघांची पावलं एका संथ लयीत पडू लागत. मग धर्मराजच्या तोंडून हळूच "राम" निघे आणि दिनानाथ सर किंचाळत. आणि हे सगळं निस्तरलं, तरी हॉलच्या बरोबर मध्यावर आले की चौघे थांबत, मला खाली ठेवत, माझ्याभोवती फिरून जागा बदलत आणि तोंड फिरवून पुन्हा उचलत.

"आता का थांबलात?" सर ओरडत.

"विसावा, सर."

"कसला विसावा? पेशंटचं रक्त वाहतंय!"

"सर, पाय आपसूक थांबतान. आमी नाय थांबत."

एकदा तर बाळाने, सवयीने, विसाव्याला ठेवतात तसा माझ्या उशाशी एक खडा ठेवला. मी उठून बसलो.

"बाळा, हा कुणासाठी?"

"चुकला, शशीभाऊ," म्हणत त्याने खडा उचलला आणि खिशात टाकला. टाकून दिला नाही, हे मी बघितलं.

तिसऱ्या शनिवारी तह झाला. हरिचंद्र पाय पुढे न्यायला तयार झाला, पण एका अटीवर: मी सबंध वाट बोलत राहायचं. मग तो जिवंत माणूस नेतोय याची त्याला खात्री राहील आणि देवालाही गैरसमज होणार नाही.

"पेशंट बेशुद्ध आहे!" दिनानाथ सर म्हणाले. "बेशुद्ध माणूस बोलतो कसा?"

"मंग गुणगुणू द्या, सर. बेशुद्धीत गुणगुणतान कधी कधी."

सरांनी टोपी काढून टेबलावर आपटली. त्यानंतर नऊ शनिवार मी मेंदूला मार लागून, मांडी मोडून, नाकातोंडात पाणी जाऊन बेशुद्ध पडलो आणि सगळा वेळ एकोणतीसचा पाढा म्हणत राहिलो. गाणं मला येत नाही, आणि एकोणतीसचा पाढा लहानपणापासून राहिला होता.

घरी वेगळीच कथा. आम्ही तेव्हा नुकतेच बदलापुरात कात्रपला राहायला आलो होतो. एका शनिवारी संध्याकाळी हनुवटीपासून टाळूपर्यंत बांधलेला मी दारात उभा. हरिचंद्रची गाठ हॉलमध्ये कुणालाच सुटली नव्हती, आणि तो स्वतः गावात कुणीतरी गेलं म्हणून घाईने निघून गेला होता.

"अहो, हे काय?" कुमुदिनी, माझी बायको, म्हणाली.

"जबडा मोडलाय," मी दातांतून बोललो.

"खरंच?"

"नाही. कोर्सपुरता."

"मग जेवायला वाढू, की कोर्सपुरतं पेज करू?"

शेवटी तिने शिवणाची कात्री आणली. पुढच्या शनिवारी पट्टी कापली म्हणून मला दिनानाथ सरांनी, माझ्या वयाचा आणि मोडलेल्या जबड्याचा मुलाहिजा न ठेवता, अर्धा तास झापलं.

मार्चच्या मध्यात एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर एक म्हातारी; लाल लुगडं, हातात वालाच्या शेंगांची पिशवी.

"पेशन तूच काय?"

मी मान हलवली.

"मी ठमाबाई. हरीची आई." ती आत आली, बसली नाही. मला वरून खाली बघितलं, जशी बाजारात कोंबडी बघतात. "हरी घरी पन झोपेत बडबडतंय. पाय पुढं, डोका मागं. त्याची बायको घाबरली. भाव, तुला एकच सांगतंय. तू नीट पडून रा. तू नीट पडलास, तर माझा पोरगा परमनंट व्हईल."

आजवर अनेकांनी माझ्याकडून अनेक अपेक्षा ठेवल्या आणि मी त्या पुऱ्या केल्या नाहीत. पण मी नीट पडावं अशी अपेक्षा पहिल्यांदाच कुणी ठेवली होती. मी वालाच्या शेंगा घेतल्या आणि नीट पडण्याचं वचन दिलं.

परीक्षा एकोणतीस मार्चला. परीक्षक म्हणून डॉक्टर सुनेत्राबाई आल्या होत्या. काळ्या फ्रेमचा चष्मा, हातात स्टॉपवॉच, क्लिपबोर्डवर एक छापील फॉर्म. तोंडी परीक्षेत हरिचंद्रने त्यांना असं काही गप्प केलं, की त्यांनी दोन प्रश्न स्वतःच्या माहितीसाठी विचारले. राहिलं प्रात्यक्षिक. पहिल्या मजल्यावरच्या हॉलमधून बेशुद्ध, मांडी मोडलेला पेशंट जिन्याने खाली आणायचा, रस्त्याने नाक्यापर्यंत न्यायचा आणि तिथे उभ्या अँब्युलन्समध्ये चढवायचा. अंतर तीनशे पावलं. वेळ दहा मिनिटं. दहाच्या वर एक सेकंद, तर नापास.

आमच्या आधी एका औषधांच्या कारखान्याची टीम होती. पांढरे बूट, पांढरे हातमोजे. आम्ही वरून खिडकीतून बघत होतो. जिना त्यांनी असा उतरला, की पुस्तकातलं चित्र हलतंय असं वाटावं. मग ते रस्त्यावर आले.

शनिवार दुपारचा कॅम्प चारचा रस्ता म्हणजे काय, हे सांगून कळत नाही. मधोमध टेम्पो उभा, कापडाचे तागे उतरवत. त्याच्यामागे तीन हातगाड्या, रिक्षा, स्कूटर, एक गाय.

"साइड! पेशंट आहे! साइड!" पांढऱ्या हातमोज्यांचा पुढारी ओरडला.

टेम्पोवाल्याने मान वळवली. "पेशंट है तो रिक्षा में डालो ना."

"सीरियस है!"

"हमारा माल भी सीरियस है, साईं," दुकानाच्या पायरीवरून सिंधी शेठ म्हणाला. "पार्टी शाम को आ रही है."

कुणी हललं नाही. एकही चाक हललं नाही. सहाव्या मिनिटाला पेशंटवर कुणीतरी दोन तागे तात्पुरते ठेवले. बाराव्या मिनिटाला पेशंट उठला आणि समोर जाऊन उसाचा रस प्यायला. एकोणीस मिनिटांनी टीम अँब्युलन्सपाशी पोचली. सुनेत्राबाईंनी घड्याळ बघून मान हलवली. नापास.

हरिचंद्र खिडकीपासून मागे आला आणि मला बांधू लागला. मांडीला फळी, फळीला पट्ट्या, हात छातीवर आणून पट्ट्यात, वर चादर. बोटं नेहमीसारखीच चालत होती.

"स्ट्रेचर उठा!" दिनानाथ सर म्हणाले.

खाली सुनेत्राबाईंचा मदतनीस शिट्टी घेऊन उभा होता. बाई स्वतः नाक्यावर अँब्युलन्सपाशी. शिट्टी वाजली. आम्ही निघालो. कमरेच्या उंचीवर, पाय पुढे, हरिचंद्र माझ्या डोक्याशी मागे. एकोणतीस एके एकोणतीस. जिना उतरलो. एकोणतीस साती दोनशे तीन. रस्त्यावर आलो आणि थांबलो. टेम्पो तिथेच. आता तर त्याच्यापुढे दुसरा टेम्पो आला होता, आणि दोघे ड्रायव्हर एकमेकांना मागे घ्यायला सांगत होते.

"साइड द्या हो!" आण्णा ओरडला. कुणी वळूनही बघितलं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. दिनानाथ सर मागून दात-ओठ खात होते. परीक्षेत शिक्षकाने बोलायचं नाही असा नियम होता.

मी वर बघत होतो. हरिचंद्रचं तोंड मला उलटं दिसत होतं. त्याने टेम्पोकडे बघितलं, शेठकडे बघितलं, गाईकडे बघितलं. मग खाली माझ्याकडे.

"शशीभाऊ," तो हळूच म्हणाला, "पाढा बंद करा."

"का?"

"तुमच्या पाया पडतंय. बंद करा. आनि हलू नका."

मी बंद केला. त्याने एका हाताने दांडा सांभाळत माझ्या अंगावरची चादर ओढून तोंडावर घेतली. जो माणूस मी गप्प बसलो तरी अस्वस्थ व्हायचा, त्याने स्वतःच्या हाताने माझं तोंड झाकलं. चादरीच्या आत मला ऐकू आलं, तो कुणाची तरी क्षमा मागत होता. माझी नव्हे.

मग म्हणाला, "खांद्यावर घ्या रं." आणि मी वर गेलो. तीन महिन्यांत इतकं सुरेख मला कधीच उचललं गेलं नव्हतं.

"राम बोलो भाई राम!" हरिचंद्र म्हणाला. तिघांनी उचलून धरलं.

रस्ता गप्प झाला. खरंच गप्प. वाद घालणारे दोन्ही ड्रायव्हर थांबले. मग मला दोन इंजिनं सुरू झाल्याचं ऐकू आलं, आणि दोन्ही टेम्पो एकाच वेळी मागे गेले. हातगाड्यांची चाकं कुरकुरत बाजूला झाली. शेठच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आल्याचा खडखडाट झाला, मग शेजारचं, मग पलीकडचं. गायसुद्धा हलली असावी, घंटी वाजली.

"कौन गया, साईं?" कुणीतरी विचारलं.

"कारखाने का क्लार्क," आण्णा म्हणाला. आण्णाला प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय होती.

"अरेरे. क्या हुआ था?"

"जांघ का हड्डी टूटा."

"उससे मर गए?"

"नहीं, मरे नहीं..."

"राम बोलो भाई राम!" हरिचंद्र गरजला.

माझ्या छातीवर काहीतरी थंड पडलं. वासावरून झेंडूचा हार. स्ट्रेचर जरा डावीकडे हललं. मागाहून कळलं, टेम्पोवाल्याने टेम्पो बाजूला लावून येऊन खांदा दिला होता. जो जिवंत माणसासाठी ब्रेक सोडत नव्हता, तो आता धापा टाकत माझं ओझं वाहत होता. मागे पावलं वाढत होती. दिनानाथ सर, हेही मागाहून कळलं, संतापाने लालबुंद होऊन, मिशा चावत, नियमाप्रमाणे एक शब्दही न बोलता चालले होते. कुणा शेठने त्यांचा हात हातात घेऊन विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

"छोटा भाई था?"

सरांच्या तोंडून एक हुंदका निघाला. तो शोकाचा नव्हता, पण रस्त्याला कुठे माहीत.

आणि अर्ध्या वाटेवर चौघे थांबले.

मला खाली ठेवलं. मी चादरीत दात आवळले. घड्याळ चालू आहे, या माणसाची नोकरी दोन दिवसांवर आली आहे, आणि यांचा विसावा! हे चौघे गोल फिरले, टेम्पोवालाही फिरला. स्ट्रेचर वळलं, पुन्हा उचललं. आता माझं डोकं पुढे, हरिचंद्र पुढे. आणि मग माझ्या लक्षात आलं, की अँब्युलन्समध्ये डोकंच आधी चढवायचं असतं. त्यांनी पुस्तकाप्रमाणे केलं होतं की गावाप्रमाणे, हे मला आजही सांगता येणार नाही.

नाक्यावर, बाळा नंतर सांगत होता, सुनेत्राबाई उभ्या होत्या. अंत्ययात्रा येताना दिसली तशा त्या अदबीने बाजूला झाल्या, चष्मा काढला आणि हात जोडले. स्टॉपवॉच त्यांच्या मनगटाला लोंबत होतं. अंत्ययात्रा त्यांच्यासमोर वळली आणि अँब्युलन्समध्ये चढली, तेव्हा कुठे त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

"सात मिनिटं चाळीस," त्या म्हणाल्या. मग भानावर आल्या. "हा काय प्रकार आहे?"

दिनानाथ सरांना आता बोलायला परवानगी होती, आणि तीन महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. "मॅडम, मी यांना हे शिकवलेलं नाही! मी सव्वीस वर्षं... खांद्यावर! तोंड झाकून! जिवंत पेशंटचं तोंड झाकलं! चार गुण कापा, दहा कापा, मी काही म्हणणार नाही!" मग एकदम थांबून, खालच्या आवाजात, "पण मॅडम, वेळ बघा."

श्रीपादराव फॅक्टरीतून मुद्दाम आले होते. ते म्हणाले, "मॅडम, नियमात असेल ते करा. मी काही करू शकत नाही."

सुनेत्राबाई अँब्युलन्समध्ये वाकल्या. त्यांनी चादर बाजूला केली. आत, माझ्या डाव्या गालाशी, गुंडाळलेली पट्टी उभी लावलेली होती. चादर तोंडाला न चिकटता वर राहील अशी, आणि कानाच्या बाजूला वीतभर फट. हे कधी केलं, मला पडल्या पडल्या कळलंही नव्हतं.

"हे कुणी केलं?"

"मी," हरिचंद्र म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता.

"श्वास कोंडला असता तर?"

"नसता कोंडला, बाई. खांद्यावर यांचा तोंड माझे कानाशी होता. वाटभर मोजला. मिनिटाला अठरा. विसाव्याला एकवीस झाला, तवा हे रागावले होते. परत अठरा."

सुनेत्राबाईंनी माझी नाडी धरली. घड्याळ बघितलं. मांडीची फळी चाचपली, गाठी चाचपल्या. एक गाठ सोडवून बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग फॉर्मवर एकामागून एक खुणा करत गेल्या. बाहेर शेठ आणि टेम्पोवाला, मेलेला माणूस गाडीत घातल्यावर बाई त्याची नाडी का बघतात, म्हणून वाकून बघत होते.

"बाकी सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तोंड झाकण्याबद्दल कुठला रकानाच नाही. आजवर कुणी झाकलंच नाही." चष्मा वर सरकवून त्यांनी फॉर्मची शेवटची ओळ वाचली. "'नेताना पेशंटला त्रास झाला का? पेशंटचे म्हणणे.' इथे पेशंटने तक्रार केली, तर मला नापासच लिहावं लागेल. बोला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिनानाथ सर, श्रीपादराव, बाळा, धर्मराज, आण्णा, टेम्पोवाला. हरिचंद्र तेवढा बघत नव्हता. तो एक उरलेली पट्टी गुंडाळत होता, अगदी सावकाश, जणू ती कधी संपायलाच नको.

तक्रारी माझ्याकडे बारा शनिवारांच्या होत्या. पहिल्या दिवशी आपटलेली पाठ होती. पंख्याला लागता लागता राहिलेलं डोकं होतं. पाठ झालेला एकोणतीसचा पाढा होता, जो आता झोपेतही थांबत नाही. गळ्यात झेंडूचा हार होता. मला उभ्या उल्हासनगरात मेलेला जाहीर केलं होतं, आणि सोमवारी त्याच रस्त्याने मला शर्टाचं कापड घ्यायला जायचं होतं. हे सगळं सांगायला असा रकाना पुन्हा मिळणार नव्हता. मी तोंड उघडलं.

सुनेत्राबाईंनी पेन टेकवलं.

"तक्रार काही नाही, बाई," मी म्हणालो. "फक्त माझे हात बांधलेत. कुणीतरी जरा नाक खाजवता का?"